'दाढदुखी'चा संथ अल्बम

ज्याला सगळे घण्या म्हणत, त्याचे हात आधी बधिर झाले की मन आधी, हे त्याला स्वतःलाही नक्की सांगता आले नसते. दिवसभर तो दगडाच्या कारखान्यात स्वयंपाकघराच्या ओट्यांच्या कडा घासायचा आणि रविवारी 'दाढदुखी' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दोन्ही कामे आवाजाची. फरक एवढाच, की कारखान्यात कानांत बोळे घालायची सक्ती होती.

'दाढदुखी' हा हार्डकोर पंक बँड होता. म्हणजे नेमके काय, असे त्याच्या सासूबाईंनी एकदा विचारले होते. घण्याने थोडा विचार करून सांगितले, "भांडण असतं, पण लवकर संपतं." सासूबाईंना हा प्रकार आवडला, कारण त्यांच्या घरात कुठलेच भांडण कधी लवकर संपलेले नव्हते. घण्याचे उत्तर चुकीचे नव्हते. या बँडची गाणी दीड मिनिटाच्या पुढे सहसा जात नसत. सुरुवात नाही, आलाप नाही, मध्ये विश्रांती नाही. घण्याने काठीवर काठी चार वेळा आपटली की सगळे एकदम तुटून पडायचे, आणि ऐकणाऱ्याला काय चालले आहे हे कळेपर्यंत गाणे संपलेले असायचे.

बँडमध्ये चौघे होते आणि चौघांचीही पन्नाशी एक तर आली होती किंवा दारात उभी होती. गाणारा मास्तर. तो पहिलीच्या वर्गाला शिकवायचा, आठवडाभर "हळू बोला, हळू बोला" म्हणायचा आणि त्याची भरपाई रविवारी करायचा. गिटार वाजवणारी सिस्टर हाडांच्या वॉर्डात नर्स होती. बास गिटार घण्याच्या धाकट्या भावाकडे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला बँडमध्ये सगळे धाकटाच म्हणत, अगदी त्याच्या टकलाला ऊन लागायला लागले तरी.

मागच्या अल्बमला इतकी वर्षे झाली होती, की तो ऐकून मोठी झालेली पोरे आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडत होती. नवा अल्बम काढायचे ठरले ते आई गेल्यानंतर. आई म्हणजे घण्याची आणि धाकट्याची. ती गेली त्या वर्षी धाकट्याने पहिल्यांदाच एक गाणे लिहिले. त्याचे नाव 'बाकडं'. ज्या इस्पितळात आईला शेवटी नेले, तिथे खाट मिळेपर्यंत तिला व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवले होते. तिथला माणूस येता-जाता एकच वाक्य म्हणायचा, तेच गाण्याचे धृपद होते: "पुढे सरका." बाकी मोजक्या ओळी. धाकट्याला ते गाणे कानाखाली वाजवल्यासारखे हवे होते. आईसाठी रडगाणे गाणार नाही, असे त्याने सगळ्यांना बजावले होते. या एका गाण्याभोवती मास्तरने बाकीची गाणी रचली आणि अल्बम उभा राहिला.

आई गेली तेव्हा धाकटा स्मशानात गुडघ्यांवर बसला होता. घण्या मात्र उभा होता. त्याने गाडी सांगितली, नातेवाइकांना फोन केले, कोणाला कुठे उतरवायचे ते पाहिले, आणि चौथ्या दिवशी कामावर गेला. लोक म्हणाले, थोरला खंबीर आहे. घण्याने स्वतःला दोन-तीनदा तपासून पाहिले होते. आत खंबीर असे काही सापडले नाही. दुसरेही काही सापडले नाही.

त्याच सुमारास त्याची बोटे पांढरी पडायला लागली. ग्रॅनाइटच्या लादीला भांडी घासायच्या बेसिनचे भोक पाडायचे, तर हातात कटर धरून पाण्याच्या धारेखाली चालवावा लागतो. कडा गोल करायच्या तर पॉलिशचे मशीन, आधी खरखरीत चकती, मग बारीक, मग त्याहून बारीक. मशीन थरथरते, थंड पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. पूर्वी घण्या कडेवरून अंगठा फिरवून सांगायचा की कुठे खरखर राहिली आहे. आता अंगठा काही सांगेना. मग तो दिवा तिरपा धरून कड बघायला लागला. डोळ्यांनी भागत होते. सकाळी शर्टाची बटणे लावतानाही तो आता आरशात बघून लावायचा, आणि बायको म्हणायची की उतारवयात नटायला लागलात.

डॉक्टरांनी हाताला टाचणी लावून पाहिली आणि सांगितले की मशीनच्या थरथरीने नसा गेल्या आहेत. आहेत तेवढ्या वाचवायच्या तर मशीन सोडा. घण्याने मान डोलावली. मग त्याने ड्रमविषयी विचारले. डॉक्टरांना वाटले, पेशंट विनोद करतो आहे. ते हसले, तोही हसला, आणि प्रश्न तिथेच राहिला. घरी त्याने सांगितले की ताकदीच्या गोळ्या दिल्या आहेत.

बँडमध्ये तर त्याने चकार शब्द काढला नाही. त्यामागचे त्याचे गणित सरळ होते. सिस्टरला कळले तर ती वाजवू देणार नाही. धाकट्याला कळले तर तो दुसरा ड्रमवाला बघेल, कारण 'बाकडं' बिघडलेले त्याला चालणार नाही. मास्तर कोणाचीच बाजू घेणार नाही. आणि अल्बम घण्याशिवाय होईल. हा शेवटचा अल्बम आहे, हे कोणी बोलत नव्हते, पण चौघांच्या गुडघ्यांना ते ठाऊक होते. गेल्या वर्षभरात घण्याला कशाचेच काही वाटले नव्हते. पण त्या अल्बममध्ये आपण नसू, हा विचार आला की तो लादी घासता घासता थांबायचा. वाटणे म्हणावे असे तेवढेच त्याच्याजवळ शिल्लक होते, आणि ते त्याला हातचे जाऊ द्यायचे नव्हते.

तालमीच्या आधी तो लवकर जायचा आणि कारखान्यातली रुंद चिकटपट्टी काठ्यांभोवती आणि बोटांभोवती गुंडाळायचा. कोणी विचारले तर म्हणायचा, फोड आलेत. काठी आता पडत नव्हती. पण ती हातात कशी फिरते, कुठे लागते, हे कळत नव्हते. म्हणून लादीची कड बघावी तसा तो हातांकडे बघत वाजवायचा. आयुष्यभर मान खाली घालून, डोळे मिटून वाजवणारा माणूस आता इतके टक लावून बघत होता, की मास्तर म्हणाला, "घण्या, परीक्षेला बसल्यासारखा काय वाजवतोस? कॉपी करतोयस का?"

तरी तालमी चांगल्या होत होत्या. सगळे खूश होते. पूर्वी तालमीनंतर मास्तर भिंतीला टेकून दम खायचा, आता तो गाणे संपल्यावर लगेच बोलू शकायचा. सिस्टर म्हणाली की इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला स्वतःची गिटार नीट ऐकू येते. अनुभव म्हणतात तो हाच, असे तिचे मत पडले. धाकटा काही म्हणाला नाही, पण त्याने तक्रारही केली नाही, आणि धाकट्याच्या बाबतीत ती शाबासकीच धरायची.

रेकॉर्डिंगची खोली फर्निचरच्या एका गोदामामागे होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंगवाला सडपातळ, अबोल माणूस होता. बाहेर लग्नाच्या आणि जाहिरातींच्या गाण्यांवर पोट भरायचा आणि अशा बँडांसाठी शनिवार-रविवार राखून ठेवायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, की कानात ठेक्याची टिकटिक लावू का, म्हणजे लय सांभाळायला सोपे जाईल. चौघेही त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू त्याने कुबड्या देऊ केल्या होत्या. 'दाढदुखी'ने कधी टिकटिक लावली नव्हती. घण्या हीच त्यांची टिकटिक. मास्तर म्हणाला, "आमचं घड्याळ मागे बसलंय." घड्याळाने पट्टी घट्ट केली आणि खाली बघितले.

दोन दिवसांत सगळी गाणी झाली. शेवटी 'बाकडं' झाले. फक्त धृपदाचा सामूहिक ओरडा राहिला, तो नेहमी शेवटी, सगळ्यांनी मिळून एका माइकभोवती उभे राहून करायचा. मग चौघे जुन्या सोफ्यावर दाटीवाटीने बसले आणि रेकॉर्डिंगवाल्याने सगळे ओळीने ऐकवले. दणदणीत होते. सिस्टरने मांडीवर ताल धरला. मास्तरने स्वतःचाच आवाज ऐकून डोळे पुसले. धाकटा म्हणाला, "चाललं." घण्या त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होता. निभावले, एवढाच विचार त्याच्या मनात आला. आनंद व्हायला हवा होता. तो येईल म्हणून त्याने जरा वाट पाहिली.

मग रेकॉर्डिंगवाला म्हणाला की आवाजाची पातळी जुळवायला तुमचा जुना अल्बम एकदा लावतो. त्याने जुना अल्बम लावला.

चालत्या माणसाला घासून मोटरसायकल जावी, तसे त्यातले पहिले गाणे खोलीतून गेले. दुसरे सुरू होऊन संपले. तिसऱ्याच्या मध्यावर रेकॉर्डिंगवाल्याने आपणहून ते बंद केले. नव्या अल्बममधले प्रत्येक गाणे जुन्याच्या तुलनेत ओझे घेऊन जिना चढल्यासारखे होते. थोडेफार नव्हे, जवळजवळ निम्म्या वेगाचे. आणि चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आले नव्हते.

"तुला तरी कळलं असेल ना?" सिस्टरने रेकॉर्डिंगवाल्याला विचारले.

"कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला असंच हवंय. वय झालं की लोक असं करतात."

हे ऐकून मास्तर हसायला लागला आणि हसता हसता त्याने कबुली दिली. दोन ओळींच्या मध्ये आपल्याला श्वास घ्यायला मिळतोय, हे त्याला पहिल्याच तालमीत जाणवले होते. घण्याने आपल्या छातीवर दया करून जागा सोडली असेल असे समजून तो गप्प राहिला. उपकार करणाऱ्याला उपकार बोलून दाखवू नयेत, असे त्याला वाटले. मग सिस्टर म्हणाली की तिचा खांदा दोन वर्षे धरलेला आहे. सगळे तिच्यासाठी दमाने घेत आहेत, असा तिचा समज होता, आणि दर तालमीनंतर ती मनातल्या मनात तिघांचे आभार मानत होती. थोडक्यात, दोघेही दुसऱ्यांच्या चांगुलपणावर जगत होते आणि चांगुलपणा कोणीच केलेला नव्हता. धाकट्याने मात्र काही कबूल केले नाही. तो उठून उभा राहिला होता.

"'बाकडं' परत घेऊ," तो म्हणाला. "आत्ता. जुन्या वेगात."

बैल जसा चालेल तशी गाडी चालते. गाडीने कितीही कबुली दिली तरी दोष बैलाचाच, हे घण्याला ठाऊक होते. ते बोलण्याची हीच वेळ होती. तो बोलला नाही. ड्रममागे जाऊन बसला, पट्टी आणखी एक फेरा गुंडाळली आणि चार ठोके दिले.

हातांकडे बघत राहिलो तर वेग येणार नाही, हे त्याला आता कळले होते. म्हणून त्याने पूर्वीसारखे डोळे मिटले. आणि वेग आला. खांद्यांना तो पाठ होता, पायांनाही होता. मास्तरची तारांबळ उडाली, सिस्टरने दात आवळले, धाकट्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी रंग चढला. पण मनगटाच्या पुढे घण्याला काही नव्हते. काठ्या कुठे पडत आहेत हे त्याला कानांनी, जरा उशिराने कळत होते. कडेवर, लोखंडावर, एकमेकींवर. धृपदाला येईपर्यंत गाणे कोलमडले आणि एकेक जण थांबत गेला. सगळ्यांत शेवटी घण्या थांबला, कारण बाकीचे थांबलेत हे त्याला शेवटी कळले.

डोळे उघडले तेव्हा सिस्टर गिटार टाकून त्याच्यासमोर उभी होती. मधल्या ड्रमच्या पांढऱ्या कातड्यावर लाल शिंतोडे उडाले होते. उजव्या हाताची दोन बोटे लोखंडी कडेवर सोलून निघाली होती आणि पट्टीखालून रक्त मनगटापर्यंत आले होते. घण्या त्याच्याकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावे तसे बघत होता.

सिस्टरने पट्टी कापून काढली, जखम बांधली. मग, वॉर्डात बोलते त्याच आवाजात, तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि डावा हात स्वतःच्या हातात घेतला.

"कुठलं बोट धरलंय मी?"

"अंगठ्याशेजारचं," घण्या म्हणाला.

तिने धरली होती करंगळी. तिने ती सोडली नाही. "कधीपासून?" एवढेच विचारले. मग त्याने सगळे सांगितले. कटर, पांढरी बोटे, डॉक्टरांची टाचणी, तिरपा दिवा, शर्टाची बटणे. सांगताना त्याचा आवाज कुठेही अडला नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला लादीतला दोष दाखवावा तसे तो सांगत गेला. मास्तर खाली बसला. रेकॉर्डिंगवाल्याने उगीच एक वायर गुंडाळली.

धाकट्याने ऐकून घेतले आणि मग त्याचा बांध फुटला. तो जे बोलला त्यातले निम्मे अल्बमविषयी नव्हते. दादाने फसवले, दादाला कशाचेच काही नसते, आई गेली तेव्हाही दादा गाड्या सांगत फिरत होता, माणूस आहे की लादी आहे. सिस्टर त्याला थांबवायला गेली तर तो तिलाही बोलला. शेवटी त्याने आवाज खाली आणला आणि मुद्द्यावर आला. सिस्टरच्या इस्पितळातला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर चांगला ड्रम वाजवतो, आणि तो वेगात वाजवतो हे वेगळे सांगायला नको. त्याला बोलावू. सगळा अल्बम परत करू, निदान 'बाकडं' तरी करू. दादाचे नाव हवे तर वेष्टनावर घालू.

सिस्टर म्हणाली की हातांसाठी म्हणून तिला हे पटते. मास्तर म्हणाला की तो दोन्हीकडून आहे, आणि तो दोन्हीकडून असतो हे सगळ्यांना माहीत होते.

'दाढदुखी'त एक पद्धत होती. चौघांपैकी एकाने जरी नाही म्हटले, तरी ती गोष्ट बारगळायची, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. या पद्धतीने मास्तरने एकदा भला मोठा कार्यक्रम घालवला होता. सिस्टरने एका शर्टावरचे चित्र रद्द केले होते. धाकट्याने तर इतक्या वेळा नाही म्हटले होते की त्याची कारणे विचारायची नाहीत ही सोयच होती. घण्याने आजवर एकदाही नाही म्हटले नव्हते. आता तिघेही त्याच्याकडे बघत होते. त्याने फक्त मान डोलावली असती तरी काम झाले असते, आणि मान डोलावण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

घण्याने आत चाचपून पाहिले. राग नव्हता. अपमान नव्हता. धाकटा जे बोलला ते लागले असेल म्हणून त्याने ते परत एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिले, तेही लागले नाही. आतमध्ये फक्त त्या संथ 'बाकडं'चा ठेका चालू होता, मघाशी सोफ्यावर ऐकलेला. एक ठोका, मग वाट बघणे. मग दुसरा.

"नाही," तो म्हणाला.

"का?" धाकट्याने विचारले. सिस्टरने त्याच्याकडे डोळे वटारले, कारण असे विचारायचे नसते. धाकटा म्हणाला, "मला माहितीये. तरी विचारतोय. का, दादा?"

"तू आलास तोवर तिला खाट मिळाली होती. तुला मी दोन वाक्यांत सांगितलं, तेवढंच," तो म्हणाला. "बाकड्यावर मी होतो. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. तिथं असं धावत काहीच नव्हतं. तो माणूस यायचा, पुढे सरका म्हणायचा. आम्ही सरकायचो. मग परत बराच वेळ काही नाही. मग परत यायचा." त्याने सोफ्याकडे पाहिले. "मघाशी ऐकलं ना, ते तसंच होतं. मी मुद्दाम नाही केलं. पण तसंच होतं."

धाकटा बाहेर गेला. गोदामातल्या उलट्या ठेवलेल्या कपाटांमध्ये तो उभा असलेला काचेतून दिसत होता. मास्तर उठला, तर सिस्टरने त्याला बाही धरून खाली बसवले. रेकॉर्डिंगवाल्याने हळूच विचारले की खोली रिकामी करायची का. सिस्टरने हातानेच थांबायला सांगितले.

धाकटा परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीसारखा तुसडा होता. धृपदाचा ओरडा अजून बाकी आहे, तो उरकून घ्या, मला घरी जायचंय, असे तो म्हणाला. कुठल्या रेकॉर्डिंगवर, हे रेकॉर्डिंगवाल्याने विचारले. धाकट्याने त्याच्याकडे न बघता सांगितले, "पहिल्या."

मग सगळे एका माइकभोवती उभे राहिले. रेकॉर्डिंगवाल्यालाही ओढून घेतले, कारण आवाज कमी पडत होते. पूर्वी हा ओरडा म्हणजे एकमेकांच्या पायांवर पाय देत केलेला गोंधळ असायचा. आता दोन ओरडण्यांच्या मध्ये इतका वेळ होता, की सगळ्यांना तसेच, खांद्याला खांदा लावून, काही न करता उभे राहावे लागले. "पुढे सरका." मग थांबायचे. मास्तरचा श्वास ऐकू येत होता. "पुढे सरका." त्या थांबण्यात कुठे बघावे हे कोणालाच कळेना, म्हणून प्रत्येक जण जमिनीकडे बघत राहिला. घण्याला एकदाच दिसले, की धाकटा ओरडत नाहीये, नुसते ओठ हलवतोय.

त्या रात्री घण्याने बायकोला गोळ्यांची खरी गोष्ट सांगितली. ती आधी रागावली, मग तिने शर्टाचा विषय काढला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कारखान्याच्या मालकाला जाऊन भेटली. काय बोलली ते तिने सांगितले नाही. मालकाने मात्र घण्याला घासकामावरून काढून लोकांच्या घरी जाऊन ओट्याची मापे घ्यायचे काम दिले, आणि देताना वहिनींना माझा नमस्कार सांगा, असे दोनदा म्हणाला. बोटे काही परत आली नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की येतील तेव्हा येतील, कदाचित येणारही नाहीत. घण्याने मान डोलावली.

अल्बम निघाला. जुन्या ऐकणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात यथेच्छ तोंडसुख घेतले. 'दाढदुखी'ने कवळी बसवली, असे एकाने लिहिले. मास्तरला ते इतके आवडले की तो प्रत्येकाला वाचून दाखवायचा. काहींनी रेकॉर्ड चुकीच्या वेगाने फिरते आहे असे समजून दुकानात परत आणून दिली. मग हळूहळू दुसऱ्या तऱ्हेचे लोक बोलायला लागले. एकीने लिहिले की 'बाकडं' ऐकताना मध्येच बंद करावेसे वाटले, पण उठता आले नाही. घण्याने हे सगळे वाचले. बरे किंवा वाईट, दोन्ही त्याला दुसऱ्या कोणाविषयी लिहिल्यासारखे वाटले.

धाकटा तेवढे दिवस आला नव्हता. फोनवर कामापुरते बोलायचा. एका सुट्टीच्या दुपारी तो अचानक दारात उभा राहिला. वहिनीने चहा टाकला. तो बूट न काढता खुर्चीच्या टोकावर बसला, मग उठला, कपाटावरची रेकॉर्ड काढली आणि लावली. थेट 'बाकडं'वर. वहिनी स्वयंपाकघरातच थांबली.

दोघांनी ते पूर्ण ऐकले. गाणे संपले तरी धाकट्याने सुई उचलली नाही. रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली.

"तिनं काही मागितलं होतं का?" त्याने विचारले. "बाकड्यावर."

"पाणी," घण्या म्हणाला. "आणि तू जेवलास का ते विचारत होती. दोनदा."

धाकट्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. घण्याने त्याच्याकडे पाहिले. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असे त्याच्या मनात आले. हाताला काही कळणार नव्हते, तरी त्याने तो ठेवला. धाकट्याची पाठ हलत होती, हे त्याला दिसत होते.

"सगळं सांग," धाकटा हातांच्या आडून म्हणाला. "सकाळपासून."

घण्या त्याच्या शेजारी बसला आणि सांगायला लागला.